रानालगतचे प्रशस्त स्वतंत्र घर : इंग्लंडमध्ये नव्याने घर घेणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शक

चार-पाच बेडरूमचे डिटॅच्ड घर, मागे मोठी बाग, बागेच्या कुंपणापलीकडे रान, आणि तरीही दुकाने, शाळा व रेल्वे स्टेशन हाताशी, अशी जाहिरात इंग्लंडच्या आग्नेय भागात नेहमी दिसते. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स या भागांत काही वर्षे फ्लॅटमध्ये किंवा सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेल्या, घरात काढल्यावर, मुले मोठी होऊ लागली आणि आई-वडील सहा-सहा महिने राहायला येऊ लागले, की अनेक मराठी कुटुंबांची नजर अशा घराकडे वळते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. येथील पद्धत आपल्या ‘ॲग्रीमेंट करा, रजिस्ट्रेशन करा’ या पद्धतीपेक्षा बरीच वेगळी आहे. शिवाय रानालगतच्या घराची किंमत ज्या झाडांमुळे वाढते, त्याच झाडांमुळे तपासण्याच्या गोष्टीही वाढतात, आणि पुढील पायऱ्यांमध्ये हा धागा पुन्हा पुन्हा येणार आहे. येथे दिलेले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमध्ये खरेदीची सगळी रीतच निराळी आहे आणि वेल्समध्ये मुद्रांक शुल्काच्या जागी वेगळा कर आहे. उदाहरणासाठी स्लावच्या उत्तरेचा, बर्नहॅम बीचेस या प्राचीन वनाभोवतीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पहिली पायरी : जाहिरात नीट वाचणे

‘डिटॅच्ड’ म्हणजे चारही बाजूंनी मोकळे, कोणत्याही शेजाऱ्याच्या घराशी भिंत न जोडलेले घर. ‘लिंक-डिटॅच्ड’ असा शब्द दिसला तर ते घर गॅरेजने किंवा एखाद्या भिंतीने शेजारच्या घराला जोडलेले असते आणि त्याची किंमतही त्यानुसार कमी असायला हवी. क्षेत्रफळाच्या बाबतीत येथे कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप असा आपला घोळ नाही. पण नकाशाखाली लिहिलेल्या एकूण क्षेत्रफळात अनेकदा गॅरेज आणि बागेतील खोलीही धरलेली असते. त्यामुळे प्रशस्तपणा बेडरूमच्या संख्येवर किंवा त्या एका आकड्यावर न मोजता खोल्यांची मापे स्वतः बेरजेस घेऊन पाहावा.

मालकी ‘फ्रीहोल्ड’, म्हणजे जमिनीसह कायमची, आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. स्वतंत्र घरे बहुतेक फ्रीहोल्डच असतात, परंतु खाजगी रस्त्यावरील घरांना रस्त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च लागू असू शकतो. ईपीसी, म्हणजे ऊर्जा-कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र, दहा वर्षे वैध असते आणि घराला ए ते जी अशी श्रेणी देते. चारही भिंती बाहेरच्या हवेला लागून असल्याने डिटॅच्ड घराला उष्णता जास्त लागते, आणि ई किंवा त्याखालची श्रेणी असलेले मोठे घर हिवाळ्यात खिशाला चांगलेच जाणवते.

काउन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा घरावरील कर, याबद्दल एक गोष्ट एजंट सहसा आपणहून सांगत नाही. इंग्लंडमधील घरांचे ए ते एच हे गट आजच्या किमतीवर नव्हे, तर १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत काय झाली असती यावर ठरतात. आधीच्या मालकाने घर कितीही वाढवले, तरी ते विकले जाईपर्यंत त्याचा गट वाढत नाही. विक्री झाल्यावर मात्र त्या वाढीचा विचार करून गट बदलता येतो. म्हणजे वाढवलेल्या घरासाठी जाहिरातीत दिसणारा गट तुम्ही राहायला गेल्यावर कायम राहीलच असे नाही.

‘चालत जाण्याच्या अंतरावर’ या शब्दांवर विसंबू नये. रानालगतच्या अनेक रस्त्यांना पदपथ नसतो आणि दिवेही नसतात. डिसेंबरच्या अखेरीस लंडनच्या आसपास दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. शाळेतून किंवा स्टेशनवरून त्या वाटेने एकटे चालत येता येईल का, हे नकाशावर कळत नाही. बर्नहॅम आणि स्लाव ही दोन्ही स्टेशने एलिझाबेथ लाइन या लंडनमधून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर असल्यामुळे लंडनला जाणे सोपे आहे, परंतु वनाजवळच्या फार्नहॅम कॉमनसारख्या गावातून स्टेशन गाठायला बस किंवा मोटार लागते. शाळांचेही तसेच. स्लाव आणि बकिंगहॅमशर या दोन्ही ठिकाणी अकराव्या वर्षी परीक्षा घेणाऱ्या ग्रामर शाळा आहेत, पण प्रवेशाचे नियम वेगवेगळे आहेत. स्लावची हद्द ओलांडून रानाच्या बाजूला गेलात की काउन्सिल बदलते, आणि त्याबरोबर टॅक्सचा दर, शाळांचे क्षेत्र आणि कचरा उचलण्याचे वेळापत्रकही बदलते.

दुसरी पायरी : पैशांची तयारी, आणि भारतातील घराचा हिशेब

घरे पाहायला सुरुवात करण्याआधी बँकेकडून किंवा ब्रोकरकडून कर्जाच्या तत्त्वतः मंजुरीचे पत्र घ्यावे. ते पत्र नसेल तर एजंट तुम्हाला गंभीर ग्राहक समजत नाही. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना नसला, तरी अनेक बँका कर्ज देतात. मात्र काही बँका अशा वेळी जास्त डिपॉझिट, म्हणजे किमतीतील स्वतः भरायची रक्कम, मागतात, म्हणून व्हिसाची मुदत आणि प्रकार ब्रोकरला पहिल्याच भेटीत सांगावा.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत सर्वांत महागडा गैरसमज मुद्रांक शुल्काविषयी असतो. राहण्याच्या घरावर १,२५,००० पौंडांपर्यंत शुल्क नाही. त्यापुढे २,५०,००० पर्यंतच्या रकमेवर २ टक्के, ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, १५,००,००० पर्यंत १० टक्के आणि त्याहून वरच्या रकमेवर १२ टक्के, असे टप्पे १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. समजा घर साडेआठ लाख पौंडांचे आहे, तर शुल्क ३२,५०० पौंड होते. परंतु तुमच्या नावावर आधीच दुसरे घर असेल, तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के द्यावे लागतात, आणि तेच शुल्क ७५,००० पौंडांवर जाते. हे ‘दुसरे घर’ जगात कुठेही असले तरी धरले जाते. पुण्यातील फ्लॅटवर वडिलांबरोबर तुमचे नाव लावलेले असेल आणि तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक असेल, तर तोही मोजला जातो. पती-पत्नींपैकी एकाच्याच नावावर घर असले, तरी एकत्र राहणाऱ्या जोडप्याला हा नियम एकच घटक मानून लागू होतो.

यातून सुटकेचा रास्त मार्ग आहे. तुम्ही सध्या राहत असलेले, स्वतःच्या मालकीचे घर विकून त्याच्या जागी नवे घर घेत असाल, तर भारतातील फ्लॅट नावावर असूनही जादा ५ टक्के लागत नाहीत. मात्र जुने घर भाड्याने देऊन नवे घेतले, तर ते लागतात. पुढे तीन वर्षांच्या आत जुने घर विकले, तर परतावा मागता येतो. ‘सेमी ठेवून देऊ, भाडे येईल’ हा बेत म्हणूनच आधी कागदावर आकडे मांडून तपासावा, कारण काही वर्षांचे भाडे या एका शुल्कात जाऊ शकते. वारशाने आलेल्या हिश्शाला वेगळे नियम आहेत, आणि गावाकडच्या वाड्यात नाव असलेल्यांनी सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाला, हे पहिल्याच पत्रात कळवावे.

नुकतेच इंग्लंडमध्ये आलेल्यांसाठी आणखी एक भर आहे. खरेदी पूर्ण होण्याआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेले नसाल, तर अनिवासी म्हणून वर २ टक्के द्यावे लागतात. नंतर आवश्यक वास्तव्य पूर्ण झाले, तर ते परत मिळू शकतात. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची सवलत ५,००,००० पौंडांहून महाग घराला मिळतच नाही आणि जगात कुठेही पूर्वी घर घेतलेल्यालाही मिळत नाही, तेव्हा प्रशस्त डिटॅच्ड घराच्या हिशेबात ती धरूच नये.

डिपॉझिटमधील काही रक्कम भारतातून येणार असेल, तर तिची कागदपत्रे रकमेआधी जमवावीत. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येकी, एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातील, खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात आणि त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागू शकते. येथील सॉलिसिटरला पैसा कुठून आला हे कायद्यानेच तपासावे लागते, म्हणून जमीन विकल्याचा दस्त, मुदतठेवीच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि मराठीतील कागदांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे तयार ठेवावीत. आई-वडिलांनी दिलेली रक्कम ही भेट असून घरावर त्यांचा हक्क राहणार नाही, असे सहीचे पत्र कर्ज देणारी बँक मागते. ते वडीलधाऱ्यांना कोरडे वाटते. त्याची कल्पना त्यांना आधी द्यावी.

तिसरी पायरी : घर पाहायला जाणे, शक्यतो दोन ऋतूंत

विक्रीचा फलक वसंतात आणि उन्हाळ्यात लागतो, कारण तेव्हा बाग फुललेली असते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. रानालगतचे घर नेमके याच काळात फसवे दिसते. लंडनच्या अक्षांशावर २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर असतो, तर २१ डिसेंबरला तो जेमतेम १५ अंशांपर्यंत चढतो. याचा अर्थ असा, की बागेच्या दक्षिण टोकाला २० मीटर उंचीचा ओक असेल, तर जूनमध्ये त्याची दुपारची सावली दहा-अकरा मीटरांची आणि डिसेंबरमध्ये ७० मीटरांहून लांब पडते. पानगळीची झाडे असतील तर हिवाळ्यात फांद्यांमधून थोडा उजेड येतो. पाइन किंवा स्प्रूससारखी सदाहरित झाडे असतील तर तोही येत नाही. म्हणून होकायंत्र घेऊन जावे आणि रान घराच्या कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. उत्तरेला रान असलेले घर दिवसभर उजेडात राहते आणि गारव्यापुरती हिरवाई मागे मिळते. दक्षिणेला दाट रान असेल, तर स्वयंपाकघरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसाही दिवा लावावा लागेल. वास्तूसाठी पूर्वाभिमुख दार पाहणारे घरात असतील, तर त्याच होकायंत्रात दोन्ही कामे होतील, परंतु या देशात मागच्या बाजूचा उजेड मला दाराच्या दिशेहून मोलाचा वाटतो.

एजंटबरोबरच्या वीस मिनिटांच्या फेरीत घर कळत नाही. दुसऱ्या खेपेला पावसाच्या दिवशी, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला जावे. पन्हळींमध्ये पाने साचून पाणी भिंतीवरून ओघळल्याच्या खुणा आहेत का, उत्तरेकडच्या छपरावर शेवाळ किती आहे, पोटमाळ्यात खारींनी वायरी कुरतडल्या आहेत का, हे पाहावे. पोटमाळ्यात वटवाघळे राहत असतील, तर ती जागा कायद्याने संरक्षित असते आणि वटवाघळे त्या वेळी तिथे नसली, तरी ती मोडता येत नाही. वरच्या मजल्यावर खोली काढण्याचा विचार असलेल्यांनी हा प्रश्न आत्ताच विचारावा.

गॅसची वाहिनी आहे का, की बागेत तेलाची टाकी आहे? सांडपाणी सार्वजनिक गटारात जाते, की सेप्टिक टँकमध्ये? गावाच्या कडेच्या घरांत दुसरे उत्तर अनेकदा येते. टाकीचे पाणी थेट ओढ्यात सोडलेले असेल, तर ते सध्याच्या नियमांत बसत नाही आणि बदलाचा खर्च कोण करणार हे करारात ठरवून घ्यावे लागते. मोबाइलची रेंज घराच्या प्रत्येक खोलीत स्वतःच्या फोनवर तपासावी.

चौथी पायरी : रानाची चौकशी

मागचे रान कोणाचे आहे, हा पहिला प्रश्न. लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर कोणत्याही नोंदणीकृत जमिनीचा मालकी-उतारा प्रत्येकी ७ पौंडांत मिळतो आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. आपल्या सातबाऱ्याइतका तो तपशीलवार नसतो, पण मालक, बोजा आणि अटी त्यात कळतात. ऑफर देण्याआधी घराचा आणि मागच्या जमिनीचा, असे दोन्ही उतारे नकाशासह काढावेत.

रान सार्वजनिक संस्थेचे आणि संरक्षित असेल, तर निर्धास्तपणा बराच वाढतो. बर्नहॅम बीचेस १८८० मध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने विकत घेतले आणि आजही तेच त्याची देखभाल करते. तेथील बीच आणि ओक शेकडो वर्षांचे आहेत. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून अखंड टिकलेल्या रानाला ‘प्राचीन वन’ म्हणतात, आणि अशा वनाच्या कडेला बांधकाम करताना किमान १५ मीटरांचा पट्टा मोकळा सोडावा अशी सरकारी सूचना आहे. संरक्षित वने दाखवणारा सरकारी नकाशा ‘मॅजिक’ या नावाने मोफत पाहता येतो. याउलट एजंट ज्याला ‘वुडलँड’ म्हणतो ते एखाद्या विकासकाने घेऊन ठेवलेले, झुडपे माजलेले शेत असेल, तर दहा वर्षांनी तिथे घरे उभी राहिलेली दिसतील. काउन्सिलच्या स्थानिक आराखड्यात ती जमीन कशासाठी राखली आहे ते पाहावे.

संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. बर्नहॅम बीचेसच्या हद्दीपासून ५०० मीटरांच्या आत घरांची संख्या वाढू न देण्याचे नियोजन-धोरण आहे. तेव्हा ‘प्लॉट मोठा आहे, मागे आणखी एक घर बांधून विकू’ या हिशेबाने जादा पैसे मोजू नयेत. हरित पट्ट्यात, म्हणजे ग्रीन बेल्टमध्ये, घराला मूळ आकाराच्या प्रमाणाबाहेर वाढ देता येत नाही, आणि मूळ आकार म्हणजे १ जुलै १९४८ रोजी असलेला, किंवा त्यानंतर बांधलेले असेल तर पहिल्यांदा बांधलेला. आधीच्या दोन मालकांनी घर वाढवून घेतले असेल, तर तुमच्या वाट्याला काही उरलेले नसेल. सर्वसाधारणपणे डिटॅच्ड घराला मागच्या बाजूला ४ मीटरपर्यंतची एकमजली वाढ नियोजन-परवानगीशिवाय करता येते. परंतु ही मुभा काही घरांच्या बांधकाम-परवान्यातच काढून घेतलेली असते.

आता झाडांकडे. कोणते झाड कोणाच्या हद्दीत आहे याची यादी करावी, कारण तुमच्या हद्दीतील झाड पडून शेजाऱ्याचे नुकसान झाले आणि ते झाड धोकादायक असल्याचे तुम्हाला कळायला हवे होते, तर जबाबदारी तुमची असते. झाडांवर ‘ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर’, म्हणजे काउन्सिलचा संरक्षणाचा आदेश, असेल, तर काउन्सिलच्या लेखी संमतीशिवाय फांदीसुद्धा छाटता येत नाही. झाड तोडले, तर न्यायालय कितीही मोठा दंड करू शकते. अशी ऑर्डर नसली, पण घर संवर्धन-क्षेत्रात असेल, तर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरांहून जाड असलेल्या झाडाला हात लावण्याआधी सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. शेजाऱ्याच्या झाडाची आपल्याकडे आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तोही या दोन नियमांच्या अधीन. काउन्सिलच्या वृक्ष-अधिकाऱ्याला फोन केला, तर तो सहसा नीट माहिती देतो. अनेक ग्राहक हा फोन करतच नाहीत.

झाडांमध्ये ॲश असतील, तर त्यांची प्रकृती विशेष पाहावी. ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळलेल्या बुरशीच्या रोगाने ही झाडे वाळत आहेत, आणि वाळलेले ॲश ठिसूळ असल्याने ते उतरवणे जोखमीचे व महाग असते. लंडनभोवतीच्या ओकांवर २००६ पासून एका पतंगाच्या अळ्या स्थिरावल्या आहेत, ज्यांच्या केसांनी अंगावर पुरळ उठतो; लहान मुले असलेल्यांनी तेही विचारून ठेवावे.

कुंपणाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत जास्त वेळा निसटतो. रानालगतच्या घरांत आधीच्या मालकाने कुंपण हळूहळू मागे सरकवून रानाचा तुकडा बागेत घेतलेला असू शकतो. तिथे हिरवळ असते, झोपाळा असतो, जाहिरातीतल्या छायाचित्रात तो तुकडा सर्वांत सुंदर दिसतो, आणि तो विकणाऱ्याच्या मालकीचा नसतो. शिवाय रानाच्या जमिनीची बाग करणे हा नियोजनाच्या दृष्टीने वापरातील बदल असून त्याला परवानगी लागते. उताऱ्यासोबतचा नकाशा सेंटिमीटरपर्यंत अचूक नसतो, तरीही पाच-दहा मीटरांचा फरक त्यात लगेच दिसतो. पावलांनी बागेची लांबी मोजून ती नकाशाशी ताडून पाहावी. मागच्या कुंपणात रानात उघडणारे फाटक असेल, तर त्यातून जाण्याचा हक्क कागदावर आहे, की मालकाने आजवर डोळेझाक केली आहे, हेही विचारावे.

पाचवी पायरी : ऑफर

एजंट विकणाऱ्याचा प्रतिनिधी असतो आणि त्याचे शुल्क विकणारा देतो, हे त्याच्या गोड बोलण्यात विसरू नये. तुमची कमाल रक्कम त्याला सांगू नये. त्याच रस्त्यावरील घरे प्रत्यक्ष किती रकमेला विकली गेली, हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत विनामूल्य दिसते. मागितलेल्या किमतींशी नव्हे, तर या आकड्यांशी तुलना करावी. ऑफर लेखी द्यावी, तिच्यासोबत मंजुरीचे पत्र जोडावे, आणि ती मान्य झाल्यास घर बाजारातून काढावे अशी अट घालावी. ऑफर स्वीकारली, म्हणजे व्यवहार झाला असे मात्र नाही. सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, आणि विकणारा तुमच्यापेक्षा जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. टोकन देऊन घर अडवून ठेवण्याची आपली रीत येथे नाही.

सहावी पायरी : सर्व्हे

बँक करवून घेते ते मूल्यांकन बँकेसाठी असते. त्यात घराचे दोष शोधले जातीलच असे नाही. स्वतःचा सर्व्हेअर नेमावा. सर्व्हेअरांच्या संस्थेने, म्हणजे आरआयसीएसने, सर्व्हेचे तीन स्तर ठरवले आहेत, आणि जुने, मोठे किंवा वाढवलेले घर असेल, तर तिसरा, म्हणजे सर्वांत तपशीलवार, असाच घ्यावा. त्यावर काही शे पौंड जास्त खर्च होतात, पण रानालगतच्या घरात त्यावर काटकसर करू नये.

कारण असे, की चिकणमातीच्या जमिनीत मोठी झाडे उन्हाळ्यात मुळांवाटे पाणी शोषून घेतात, माती आकसते आणि पाया खचतो. ओक, विलो आणि पॉप्लर यांची पाण्याची गरज सर्वांत जास्त समजली जाते. नव्या घरांच्या पायासाठी वापरल्या जाणाऱ्या एनएचबीसीच्या, म्हणजे नव्या घरांना हमी देणाऱ्या संस्थेच्या, मानकात अशा झाडांचा प्रभाव त्यांच्या पूर्ण वाढलेल्या उंचीच्या सव्वा पट अंतरापर्यंत धरतात, म्हणजे २० मीटरांच्या ओकचा २५ मीटरांपर्यंत. याचा अर्थ त्या अंतरात असलेले प्रत्येक घर खचते असा नाही. खडी किंवा खडूच्या जमिनीवर ही भीती फारशी नसते. जमीन कोणती आहे, हे ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या नकाशात पाहता येते. भिंतीला तडे असतील, तर ते वर रुंद आणि खाली अरुंद आहेत का, खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून तिरपे जातात का, आणि ५ मिलिमीटरांहून रुंद आहेत का, हे सर्व्हेअरला विशेष पाहायला सांगावे. हे तडे उन्हाळ्याच्या अखेरीस उघडतात आणि ओल्या हिवाळ्यात मिटतात, त्यामुळे मार्चमध्ये रंगवलेल्या भिंतीवर ते दिसणार नाहीत. ‘मग झाडच काढून टाकू’ हा उपायही सरळ नाही, कारण घराहून जुने झाड काढल्यावर कोरडी माती पुन्हा पाणी धरते, फुगते, आणि पाया उचलला जाऊ शकतो.

घर पूर्वी खचले होते का आणि विम्याचा दावा केला होता का, हे लेखी विचारावे. असा इतिहास असेल, तर सध्याच्या विमा कंपनीलाच पुढे विमा चालू ठेवायला सांगणे सहसा सर्वांत सोपे पडते. ऑफर पक्की करण्याआधी विम्याचा दर प्रत्यक्ष मागवून पाहावा.

सातवी पायरी : सॉलिसिटर आणि कागदपत्रे

एजंटने सुचवलेलाच सॉलिसिटर घेण्याची सक्ती नसते. एजंटला त्यातून मोबदला मिळतो का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. स्थानिक काउन्सिल, पाणी व सांडपाणी आणि पर्यावरण या तीन चौकश्या सॉलिसिटर करतोच. रान उतारावर असेल, तर पावसाचे पाणी घराकडे वाहते का, यासाठी नदीच्या पुराबरोबर पृष्ठभागावरील पाण्याचा नकाशाही पाहायला सांगावे.

विकणारा ‘टीए६’ नावाचा फॉर्म भरून देतो. त्यात हद्द, शेजाऱ्यांशी वाद, आलेल्या नोटिसा, केलेले बदल, पूर आणि जपानी नॉटवीड या उच्छाद मांडणाऱ्या वनस्पतीबद्दल प्रश्न असतात. हा फॉर्म सॉलिसिटरच्या फाइलमध्ये पडून राहू न देता स्वतः ओळीने वाचावा, कारण घर तुम्ही पाहिलेले असते, सॉलिसिटरने नाही. वाढीव बांधकामासाठी नियोजन-परवानगी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचा, म्हणजे बांधणीच्या दर्जाच्या नियमांचा, पूर्णत्वाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही मागावेत. दाखला नसेल, तर विकणारा बहुधा विमा काढून देण्याची तयारी दाखवेल. तो विमा काउन्सिलच्या कारवाईपुरता असतो, चुकीच्या बांधणीमुळे गळणाऱ्या छपरासाठी नसतो. ‘टीए१०’ या दुसऱ्या फॉर्ममध्ये घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादी असते. बागेतील शेड, पडदे आणि तेलाच्या टाकीतील तेल हे वादाचे नेहमीचे विषय आहेत.

आठवी पायरी : अदलाबदल, ताबा आणि पुढचे काही महिने

सगळी उत्तरे समाधानकारक आल्यावर करारांची अदलाबदल होते. तेव्हा साधारण १० टक्के रक्कम भरावी लागते आणि त्या क्षणापासून व्यवहार बंधनकारक होतो. माघार घेतली, तर ती रक्कम जाऊ शकते. घराचा विमा त्याच दिवसापासून सुरू करावा, ताब्याच्या दिवसापासून नव्हे, कारण रूढ करारात त्यानंतरच्या नुकसानीची जोखीम खरेदीदाराची असते, आणि मधल्या आठवड्यात वादळाने झाड छपरावर पडले, तरी किंमत पूर्णच द्यावी लागते.

ताब्याच्या दिवशी उरलेली रक्कम पोहोचल्यावर एजंटकडून किल्ल्या मिळतात. रक्कम पाठवण्याआधी सॉलिसिटरचा खाते क्रमांक त्याच्या आधीपासून माहीत असलेल्या फोनवर विचारून खात्री करावी; खाते बदलल्याचा ईमेल आला, तर तो फसवणुकीचा समजून थांबावे. मुद्रांक शुल्काचे विवरणपत्र आणि रक्कम १४ दिवसांच्या आत द्यायची असते, आणि ते काम सॉलिसिटर करतो. जादा शुल्क लागू नाही असे लिहून देताना भारतातील मालमत्तेबद्दल दिलेली माहिती बिनचूक असल्याची जबाबदारी मात्र तुमची असते.

काउन्सिल, वीज, पाणी आणि मतदार यादी या नोंदी पहिल्याच आठवड्यात कराव्यात. भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून येथील निवडणुकीत मतदान करू शकतात, आणि मतदार यादीत नाव असल्याने पतही सुधारते. लँड रजिस्ट्रीची मोफत सूचना-सेवा चालू करावी, म्हणजे तुमच्या घराच्या नोंदीत कोणी हालचाल केली, तर ईमेल येतो. त्यानंतर एखाद्या पात्र वृक्षतज्ज्ञाकडून आपल्या हद्दीतील मोठ्या झाडांची लेखी तपासणी करून घ्यावी आणि ती दर दोन-तीन वर्षांनी करावी. पुढे काही दुर्घटना झालीच, तर तुम्ही काळजी घेतली होती याचा तोच पुरावा असतो. पन्हळी नोव्हेंबरमध्ये एकदा साफ करून भागत नाही. ओकची पाने बीचनंतरही बराच काळ गळत राहतात, म्हणून डिसेंबरच्या शेवटी, सगळी पाने उतरल्यावर, त्या दुसऱ्यांदा साफ करून घ्याव्यात.